आरती होईपर्यंत

माई गेल्या हे दीपाला कुणी कळवायचं, हाच घरात पहिला प्रश्न झाला. माई म्हणजे माझ्या सासूबाई, आणि दीपा त्यांची एकुलती एक मुलगी, पेडण्याला दिलेली. आई गेल्याचं बहिणीला भावाने सांगावं ही साधी रीत. पण संदेशने, माझ्या नवऱ्याने, फोन माझ्या हातात दिला आणि म्हणाला, "तू सांग." सकाळची वेळ होती. पदेर, म्हणजे पाववाला, नुकताच पाव घालून गेला होता आणि माईंच्या वाटणीचा पाव टोपलीत तसाच होता... मी फोन लावला. शाळेत तास तास पोरांपुढे बोलणारी बाई मी, पण तेव्हा "दीपा, माई गेल्या" एवढंच तोंडातून निघालं. मग तिने विचारलं, "काल जेवलेली काय गो?" मी म्हटलं, हो, पेज घेतली, लोणच्याची फोडसुद्धा मागून घेतली. "बरें," म्हणाली आणि फोन ठेवला.

ती आली, आईच्या पायांशी बसली, पण रडली नाही. वाड्यावरच्या, म्हणजे आमच्या वस्तीतल्या, बायका एकमेकींकडे बघत होत्या. एकीने मला मागच्या दारी गाठून विचारलंच, की मायलेकींचं शेवटपर्यंत जमलं नाही काय? मी काहीतरी सांगून तिला वाटेला लावलं. मला त्या दोघींमधलं कारण ठाऊक होतं, घरात फक्त मलाच ठाऊक होतं, आणि ते कुणाला न सांगता मी सांभाळलं याचा मला मनातून थोडा अभिमानही होता. आज महिना-दीड महिन्याने हे लिहायला बसले आहे, तर तो अभिमान आठवून अंगावर काटा येतो.

मी मूळची आजऱ्याकडची. वडील इकडे डिचोलीच्या एका कारखान्यात कामाला होते, म्हणून स्थळ इकडचं आलं आणि मी गोव्याची झाले. आमच्याकडे माणूस भांडून मोकळं होतं. माझी आई सुट्ट्या पैशांवरून कंडक्टरशी भांडायची आणि उतरताना त्यालाच पेरू द्यायची. माईंचं घर म्हणजे याच्या अगदी उलट. त्या घरात सगळ्यांत मोठा देव कोणता असेल तर भीड. माई कुणाकडे वाटीभर साखर मागायच्या नाहीत, आणि कधी नाइलाजाने मागितलीच तर परत करताना वाटीवर शीग लावायच्या. बसमध्ये दोघांच्या बाकावर एकट्या बसल्या तरी अर्ध्या बाकावरच बसायच्या, न जाणो कुणी आलं तर! दवाखान्यात त्यांचा नंबर पुकारला की आधी मागे वळून बघायच्या, आपल्या आधीचं कुणी राहिलं नाही ना. लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात मी शेजाऱ्यांच्या अंगणातून हाक मारून विळी मागितली, तर माईंचा चेहरा असा पडला, की मला वाटलं मी चोरीच केली. मला हसू यायचं. मी संदेशला म्हणायचे, तुझी आई जन्माला येतानासुद्धा विचारून आली असेल, येऊ काय, तुम्हाला त्रास नाही ना?

दीपाबद्दल मला लग्नाआधीच सांगितलं होतं, की तिचं पहिलं बाळ गेलं, त्यावर फार बोलू नकोस. मी कशाला बोलतेय! पण डोळे काही मिटता येत नाहीत. दीपा वर्षातून तीन-चारदा यायची, दुपारच्या बसने. बालकांवात, म्हणजे दारापुढच्या बाकांच्या ओसरीवर, बसून चहा घ्यायची, आईने बांधून दिलेली नीरफणसाची कापं नाहीतर आंब्याची साटं पिशवीत टाकायची आणि संध्याकाळच्या आत परत जायची. आतल्या खोलीत पाऊल टाकायची नाही, आणि राहणं तर नाहीच. आणि चवथीला कधीच यायची नाही. गोव्यात चवथ म्हणजे काय हे बाहेरच्याला सांगून कळायचं नाही. वास्कोची, फोंड्याची, मुंबईची सगळी माणसं गणपतीला मूळ घरी गोळा होतात, तिथे घरची लेक येत नाही म्हणजे ते सगळ्या गावाला दिसतं. भाऊबंद विचारायचे, माई म्हणायच्या, तिच्या सासरी पण गणपती आहे ना. दरवर्षी तोच प्रश्न आणि तेच उत्तर. दीपाला पुढे मुलगी झाली, पण त्या बाळंतपणाला ती माहेरी आली नाही. माईंना कळलं ते मुलगी झाल्यावर, तेही जावयाच्या फोनवरून. माई तो फोन ठेवून बराच वेळ मेजावरचा पेला पुसत बसल्या होत्या.

मला दिवस गेले तेव्हा माझ्या आईने रीतीप्रमाणे सातव्यात निरोप पाठवला, पोरीला घेऊन जायला येतो. पहिलं बाळंतपण माहेरचं, यात विचारायचं ते काय? आणि माई, ज्या उभ्या जन्मात कुणाला नाही म्हणाल्या नव्हत्या, त्या माझ्या आईला दारातच म्हणाल्या, "तिला मी धाडणार नाही." आई तांबडीलाल झाली. आमचं घर काय पडलंय काय, आमच्याकडे दवाखाने नाहीत काय, असं बरंच झालं. माई नुसत्या पदर पिळत उभ्या होत्या, पण हलल्या नाहीत. आई साडी-चोळी ठेवून न जेवता परत गेली. मी तीन दिवस माईंशी बोलले नाही. मला वाटलं, लोकांपुढे इतकी गरीब गाय, आणि सुनेवर मात्र हक्क गाजवते बघा.

मग सुरू झालं इस्पितळाचं. नाव कशाला घेऊ, दोष त्यांचा कशातच नव्हता. दिवस भरत आले आणि एका दुपारी माझ्या पोटात कळ आली. मी "आई गं" म्हटलं ते माईंनी स्वयंपाकघरातून ऐकलं, आणि मी दुसरा श्वास घ्यायच्या आत त्या शेजारच्या आपांच्या दारात होत्या. आपा म्हणजे वाड्यावरचे मोटारवाले, सगळ्यांच्या अडीनडीला धावणारा माणूस. माई त्यांच्याकडे धावत गेलेल्या मी तेव्हा पहिल्यांदा बघितल्या. आम्ही गेलो. सिस्टरनी पोटाला पट्टे बांधून बाळाचे ठोके बघितले, डॉक्टरीणबाईंनी तपासलं, आणि म्हणाल्या, खोट्या कळा आहेत, अजून वेळ आहे, घरी जा. आम्ही परत. वाड्यावर बायका वाट बघतच होत्या. मुलगा की मुलगी? मी हसून म्हटलं, अजून ठरलेलं नाही.

एकदा झालं ते ठीक. पण दोन दिवसांनी परत तसंच. मग परत. माझी कळ विरून जायची, मी म्हणायचे, माई, थांबलं, आता काही नाही, तर त्या चप्पल घालून तयार. आपा नसले तर रिक्षा, रिक्षा नसली तर रस्त्यावर उभं राहून येईल त्या गाडीला हात. एकदा मासळीवाल्याच्या टेम्पोतून गेलो. मी पुढे ड्रायव्हरशेजारी, माई मागे मासळीच्या खोक्यांत, आणि इस्पितळाच्या दारात उतरल्या तेव्हा माशांच्या पाण्याने साडी भिजलेली. रखवालदार आम्हाला ओळखायला लागला. सिस्टर एकमेकींना सांगायच्या, आजी आल्या बघा. बसचा कंडक्टर विचारायचा, झाली काय मोकळी? मी ओढणी डोक्यावरून पुढे ओढून घ्यायचे. आमच्या शाळेतल्या एका बाईंनी तर फोन करून विचारलं, तू बाळंतपणाला गेली आहेस की इस्पितळात नोकरीला? संदेशही घरात नक्कल करायचा. आणि माई? त्यांना त्याचं काहीच नव्हतं. भीड नावाची वस्तू त्यांनी कुठे ठेवून दिली होती कुणास ठाऊक. एकदा डॉक्टरीणबाईंनी जरा हसून म्हटलं, आजी, तुम्ही आमच्यापेक्षा जास्त वेळ इथे असता. तर माई त्यांना हात जोडून म्हणाल्या, "तुम्ही परत पाठवा, मी परत हाडतें." त्या बाई भल्या होत्या. म्हणाल्या, दहादा आणा, आम्ही दहादा बघू, त्यासाठीच बसलोय. पण मला ते ऐकूच आलं नाही, मला फक्त बाकीच्या बायका तोंडाला पदर लावून हसताना दिसत होत्या.

त्या दिवशी परत येताना आम्ही डिचोलीच्या बसस्टँडवर बसलो होतो. ऊन मी म्हणत होतं, पाय सुजलेले, पोट वर आलेलं. एक ओळखीची बाई समोरून आली आणि काही न विचारता माझ्या पोटाकडे बघून हसून गेली. माझा पारा चढला. माणसं ऐकत आहेत याचंही भान राहिलं नाही. मी म्हटलं, "माई, तुम्हाला जराही लाज वाटत नाही काय?"

माईंनी माझ्याकडे बघितलं नाही. समोर नार्वेची बस लागत होती, तिच्याकडे बघत म्हणाल्या, "वाटलेली गो. एकदा वाटलेली." आणि मग त्यांनी सांगितलं. त्या बसमध्ये आम्ही चढलो नाही, पुढच्याही बसमध्ये चढलो नाही.

दीपा पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती, आणि नेमकी चवथ आली. सगळं घर माणसांनी भरलेलं. चवथीच्या दोन दिवस आधी दीपाच्या पोटात दुखायला लागलं. आपा तेव्हा आपल्या घरी गणपतीच्या जागेवर माटोळी बांधत होते, फळं, नारळ, रानातल्या वेली सगळं अर्धवट लटकत ठेवून ते गाडी काढून आले. देवळात घाईघाईने नारळ पाठवून गाऱ्हाणं घातलं. आणि इस्पितळात गेल्यावर डॉक्टर म्हणाले, खोट्या कळा, घरी न्या. परत आल्या तर भाऊबंदांची सगळी पलटण बालकांवात बसलेली. बाळ कुठे ठेवून आलात म्हणून कुणी विचारलं. एका चुलत जावेने म्हटलं, नेवऱ्या जरा जास्त झाल्या असतील. नेवऱ्या म्हणजे आपल्या करंज्या. हशा पिकला. वाईट कुणाच्याच मनात नव्हतं, सणाचं घर, माणसं हसणारच. दीपाही हसली. पण त्यानंतर पोरं तिला नेवऱ्यांवरूनच चिडवायला लागली, आणि माईंना मात्र आपांच्या अर्ध्या माटोळीचंच वाटत राहिलं. उगीच त्या माणसाला सणासुदीला देवाच्या कामातून उठवलं.

चवथीच्या संध्याकाळी दीपा स्वयंपाकघराच्या दारात येऊन म्हणाली, आई, परत दुखतंय. बाहेर माणसं आरतीला उभी राहिली होती. इकडे आरती म्हणजे एका घरची नसते, सगळा वाडा एकत्र निघतो, घुमटं, म्हणजे मातीची वाद्यं, वाजवत या घरून त्या घरी जातो, आणि आपा तर घुमटाला सगळ्यांत पुढे. माई म्हणाल्या, "आरती होऊ दे गो, मग बघू." आपल्या घरची आरती झाली. माणसं पुढच्या घरी गेली. माई दोनदा अंगणात जाऊन परत आल्या. एवढ्या माणसांतून जाऊन त्या वाजवणाऱ्याच्या खांद्याला हात लावायचा, परत एकदा त्याला देवासमोरून उठवायचं, आणि परत खोट्याच निघाल्या तर? रुग्णवाहिका बोलवावी असं वाटलं होतं, पण ती दारात आली म्हणजे कुणीतरी शेवटचे श्वास घेतंय असं तेव्हा लोक समजायचे, सणाच्या दिवशी सगळा गाव दारात जमला असता. आतल्या खोलीत दीपा शांत पडून होती. ओरडत नव्हती, त्यामुळे माईंना वाटलं, थांबलं असेल. शेवटच्या घरची आरती झाल्यावर आपा आले, दीपाला घेऊन निघाले. इस्पितळात पोटाला यंत्र लावलं तर बाळाचे ठोके नव्हते.

"डॉक्टराने पहिल्या दिवशी दोन गजाली सांगितल्या होत्या," माई म्हणाल्या. "खोट्या कळा, घरी न्या, ही एक. परत दुखलं नाहीतर बाळ हलायचं कमी झालं तर कसलाच विचार करू नका, तशीच घेऊन या, ही दुसरी. मी एकच घेऊन घरा आले."

नंतर डॉक्टर म्हणाले होते, की लवकर आणलं असतं तर वाचलं असतं असं कुणी छातीठोक सांगू शकत नाही. पण माईंनी ते ऐकून घेतलं नाही. आणि दीपाला त्यांनी दुसरी गोष्ट कधी सांगितलीच नाही. पोरीला वाटतंय डॉक्टरांनीच पाठवलं होतं, नशिबात नव्हतं. तसंच राहू दे. तिला कळलं की आईने घुमट थांबवायची लाज धरली म्हणून... मग त्यांनी माझा हात आपल्या डोक्यावर ठेवून घेतला आणि म्हणाल्या, दीपाला सांगायचं नाही. मी म्हटलं, नाही सांगणार. मला तेव्हा तेवढंच सुचलं. आणि ओढणी खाली घ्यावीशी वाटली, कारण एवढा वेळ मी ती नाकापर्यंत ओढून बसले होते. मी कशाची लाज धरून बसले होते, आणि ही बाई काय घेऊन बसली होती!

त्यानंतर त्या म्हणतील तेव्हा मी मुकाट गाडीत बसले. आणि गंमत बघा, या सगळ्या फेऱ्यांतून काहीही निघालं नाही. अर्णव झाला तो अगदी सरळ, दिवसाउजेडी, आम्ही आरामात पोचल्यावर. डॉक्टरीणबाई म्हणाल्याही, संध्याकाळी आला असता तरी चाललं असतं. माईंचा अंदाज प्रत्येक वेळी चुकला होता, आणि त्याचा त्यांना कोण आनंद! पण तो आनंद त्यांनी मोकळेपणाने केला असं नाही. बारशाला दीपा आली. तिने बाळाला घेतलं, वास घेतला, आणि पाळण्यात घातलं. माई तेवढा वेळ मागच्या दारी जाऊन नारळ सोलत होत्या. नारळ आदल्या दिवशीच सोलून ठेवले होते, मी स्वतः मोजून आणले होते. नातू झाल्याचा आनंद लेकीसमोर दिसू नये म्हणून त्या तिकडे उभ्या होत्या, आणि मी पाळण्याशी. मला कुठे बघावं कळेना. माझं मूल जिवंत होतं, धडधाकट होतं, आणि ते ज्या धाकाने सांभाळलं गेलं तो धाक त्या पोरीच्या बाळाने माझ्या सासूला लावून दिला होता. दीपा मला म्हणाली, "छान आहे गो." मी तिच्या डोळ्यांत बघितलं नाही. त्यानंतर कितीतरी वर्षं मी अर्णवचं कौतुक तिच्यासमोर अर्ध्यावर सोडायचे. त्याने पोहण्यात बक्षीस आणलं तरी, हो, बरं चाललंय, एवढंच.

माईंचं ते वेड पुढेही राहिलं. वाड्यावर कुणी पोटुशी असली की माई हजर. त्यांना त्यातलं काही कळत होतं असं मुळीच नाही. उगीच कुणी त्यांना सुईण समजू नये. त्यांना एवढंच माहीत होतं की परत जायचं. कारखान्याशेजारच्या खोल्यांत बेळगावकडची एक जोडी राहायची, त्या पोरीला इस्पितळाने दोनदा घरी पाठवलं, तर माई तिसऱ्यांदा रिक्षा घेऊन दारात. तिचा नवरा बिचारा पाळीवरून येऊन झोपलेला. तो म्हणाला, आजी, तिला काही होत नाहीये हो. माई म्हणाल्या, होत नाही तर दाखवून येऊ, काय बिघडतं? पोरगी खरंच बरी होती आणि तिसऱ्यांदाही परत आली. त्यानंतर ती दोघं माईंना बघून दार लोटून घ्यायची. चार लोक हसायचे, एखादी सून तोंडावर बोलायची, आणि माई निमूट ऐकून घरी यायच्या. ऐकून घेणं त्यांना मानवत होतं. मला वाटायचं, त्या ते शोधतच फिरायच्या.

पेडण्याला मात्र त्यांचं धाडस व्हायचं नाही. एकदा मला म्हणाल्या, दीपाला सगळं सांगून टाकतें, मेल्यावर डोक्यावर घेऊन कुठे जाऊ? नवी साडी नेसल्या, बसने गेल्या. संध्याकाळी परत आल्या. मी विचारलं, सांगितलंत? म्हणाल्या, ती कपडे वाळत घालत होती, मी बरोबर घातले, मग बस होती. नंतर एकदा दीपा इथे आली असताना मी मुद्दाम दोघींना सोडून दुकानात गेले, लांबचा फेरा मारून आले. परत येऊन बघते तर दोघी बालकांवात दोन टोकांना बसलेल्या, मधल्या सुपात तांदूळ, आणि दोघीही खडे निवडत होत्या. मी मनात म्हटलं, मी का पडू मध्ये? मी शब्द दिलाय. डोक्यावर हात ठेवून दिलाय. मी किती शहाणी, किती विश्वासाची, असंही वाटलं असेल मला.

शेवटच्या महिन्यात माई अंथरुणालाच लागल्या. दुखत काही नव्हतं, वात विझत जावी तशा गेल्या. दीपा येऊन गेली, माजघरात हलवलेल्या अंथरुणाच्या कडेला उभी राहिली. माईंनी तिचा हात धरला आणि विचारलं, पोरीची परीक्षा झाली काय? दीपा म्हणाली, झाली. मी दारात होते. आता बोलतील, आता बोलतील असं मला वाटत होतं... दीपा निघाली तेव्हा माई माझ्याकडे बघत होत्या आणि मी नजर चुकवून औषधाची बाटली हलवत होते.

बाराव्याचं जेवण उरकलं. माणसं गेली. मोठी भांडी घासायला मी आणि दीपा मागच्या दारी विहिरीजवळ बसलो. मी ठरवूनच बसले होते. आता माई नाहीत, आता शब्दही नाही. मुलीला आईची बाजू कळायला हवी, तिचा राग निवायला हवा. मी हळूहळू सांगायला लागले. डॉक्टरांच्या दोन गोष्टींपर्यंत आले, तेव्हा दीपाने हातातला काथ्या खाली ठेवला.

"ती दुसरी गजाल मी ऐकलेली वयनी," ती म्हणाली. "डॉक्टर मलाच सांगत होता. मी टेबलावर होते, आई पायांकडे."

मला आधी कळलंच नाही. ती पुढे बोलत राहिली, भांड्याकडे बघत. चवथीला सकाळपासून बाळ हललं नव्हतं. तिला ठाऊक होतं. तिने कुणालाच सांगितलं नाही. नेवऱ्यांचं हसणं अजून कानात होतं, परत जाऊन परत हसू करून घ्यायचं नव्हतं. संध्याकाळी दुखायला लागलं तेव्हा आईला फक्त दुखतंय म्हणून सांगितलं, हलत नाही हे सांगितलं नाही. आणि आई आरती होऊ दे म्हणाली तेव्हा तिला बरंच वाटलं. बरंच वाटलं, असं ती दोनदा म्हणाली. नंतर आई स्वतःला लावून घेते आहे हे तिला दिसत होतं. दिसत होतं आणि तिने लावून घेऊ दिलं.

"मला राग नव्हता गो तिचा," दीपा म्हणाली. "मला तिचं तोंड बघवत नव्हतं."

घुमटं वाजताना ऐकवत नाही म्हणून ती चवथीला येत नव्हती. त्या आतल्या खोलीत जायचं नाही म्हणून ती राहत नव्हती. आणि आम्ही सगळे, मी सगळ्यांत पुढे, तो आईवरचा राग समजून बसलो होतो. आई लेकीला तोंड दाखवायला लाजत होती, लेक आईला. पेडणे ते डिचोली, दिवसाकाठी कितीतरी बसेस, दोघी चढायच्या, तांदूळ निवडायच्या, कपडे वाळत घालायच्या आणि परतायच्या. दोघींच्या मधे एक माणूस असा होता की ज्याने तोंड उघडलं असतं तर ते सगळं संपलं असतं.

दीपाने विचारलं, "तुला तिने सांगितलं केव्हा?"

"अर्णव पोटात असताना."

अर्णव आता सातवीत आहे. बोटांवरची राख दीपाने पाण्याने सावकाश धुतली. मग तिने माझ्याकडे बघितलं, अगदी शांतपणे, आवाजही चढला नाही.

"तू तरी सांगायचंस, वयनी."

मी म्हटलं, त्यांनी माझा हात डोक्यावर घेतला होता... आणि ते वाक्य माझं मलाच ऐकवेना. दीपा उठली, पदराला हात पुसले आणि घरात गेली. स्वयंपाकघर ओलांडून, माजघर ओलांडून, आतल्या खोलीत, जिथे ती इतकी वर्षं गेली नव्हती आणि जिथे माईंचा पलंग आहे. दार तिने लावलं नाही. तिचं रडणं विहिरीपर्यंत ऐकू येत होतं. वाड्यावरच्या बायकांनीही ते ऐकलं असेल. मी उठून दोन पावलं गेले आणि तिथेच थांबले. आत जायला मला तोंड नव्हतं.